थापटणाऱ्या हातांचं नाव यादीत कुठं आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात कुंभारांना विजेवरची चाकं दिल्याची बातमी फोटोसकट आली होती. फोटोत चाकं ओळीनं मांडलेली, प्रत्येक चाकामागं एकजण बसलेला आणि पुढ्यात ओलं भांडं. बघून बरं वाटलं. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या योजनेतून २०१८ पासून अशी चाकं पुष्कळ ठिकाणी गेली आहेत. आमच्या घरीही एक आहे, आणि ते आलं नसतं तर आमच्या ह्यांनी हे काम कधीच सोडलं असतं. जुनं जड चाक दांड्यानं फिरवावं लागायचं. जोर लावून फिरवायचं, ते मंद व्हायच्या आत भांडं ओढून घ्यायचं, परत दांडा घालायचा. तीस वर्षं तसं करून त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. तेव्हा चाकाला नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही. त्या फोटोत जे नव्हतं, त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे.

फोटोतल्या सगळ्या भांड्यांचं बूड सपाट होतं. पणती, कुंडी, पेला, फुलदाणी ही भांडी चाकावरच पुरी होतात. दोऱ्यानं कापून खाली उतरवली की झालं. पाण्याची घागर, आमटीचं मडकं, धान्याचा डेरा यांचं तसं नाही. चाकावर त्यांचा काठ आणि गळा तेवढा होतो. खाली राहतो तो जाड, बुटका, तळाला उघडा असा मातीचा नळा. त्याला पोट काढायचं, तळ मिटवायचा आणि अंग पातळ करायचं, हे सगळं मांडीवर घेऊन थापटून होतं. आमच्या घरात चाक पुरुषांचं आणि थापटणं बायकांचं. म्हणजे घागरीचा चार बोटं गळा ह्यांच्या हातचा आणि त्याखालची सगळी घागर माझ्या हातची.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. माझं नाव छापू नये, पत्ता आपल्याकडं वेगळा देत आहे. माहेरी आमचा विटांचा धंदा होता. १९८६ साली लग्न होऊन या घरी आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. माती मला माहीत आहे असंच मी समजत होते. पण विटेची माती साच्यात कोंबायची असते, वरून फळी ओढली की काम झालं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की विटेचा हात इथं चालायचा नाही. "तुझा हात मातीला ढकलालाय. जरा तिला विचारून घे की."

तीन महिने त्यांनी मला थापटणं हातात दिलं नाही. थापटणं म्हणजे मूठ असलेली लाकडाची बसकी फळी. आणि गुंडा म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत गोल दगड, तो भांड्याच्या आतून धरायचा. बाहेरून थापटणं बसतं, आतून गुंडा टेकू देतो, मधली माती दोघांच्यात सापडून पसरते. आत्तींनी मला नुसता गुंडा धरायला बसवलं. भांडं त्यांच्या मांडीवर, माझा डावा हात काठातून कोपरापर्यंत आत, आणि मार त्यांचा. बघायला काहीच नव्हतं, डोळ्यांना दिसायची ती फक्त बाहेरची ओली बाजू. पण मार बसला की तो मातीतून माझ्या तळव्यात यायचा. माती जाड असेल तिथं गादीवर मारल्यासारखा बुजलेला. पातळ झाली की तोच मार दगडावर टक्कन वाजायचा आणि मनगटापर्यंत पोचायचा. आत्ती विचारायच्या, "किती ऱ्हायली?" मी सांगायची, बोटभर आहे अजून. "बोट न्हाई, अर्धं." मग भांडं तारेनं कापून दाखवायच्या. अर्धंच असायचं. त्या तीन महिन्यांत किती भांडी अशी कापून परत चिखलात गेली त्याचा हिशेब नाही. घरातल्यांची बोलणी खाऊन त्यांनी ते नुकसान सोसलं, आणि मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाही.

थापटायला वेळ साधावी लागते. चाकावरून उतरलेलं भांडं लोण्यासारखं असतं, लगेच मारलं तर फाटतं. सावलीत ठेवून ते वातड होऊ द्यायचं. फार वाळलं तर चिरतं. पावसाळी हवेत दोन दिवस लागतील, चैत्रात एक दुपार पुरते. घड्याळ लावून हे जमत नाही. अंगठा टेकवायचा, ठसा उमटला पाहिजे आणि अंगठा कोरडा निघाला पाहिजे. मग थापटण्याला राख लावायची, नाहीतर ते चिकटून मातीची सालटं काढतं. एका दमात पोट काढायचं नाही. एकदा सगळीकडून फिरवून थापटायचं, बाजूला ठेवायचं, अंग जरा आवळलं की परत घ्यायचं, या वेळी थापटणं लहान आणि मार हलका. दोन-तीन फेऱ्यांत खालचं तोंड मिटत येतं आणि बूड गोल होतं. असं थापटलेलं अंग घट्ट आणि तरी पातळ असतं, गोल बुडाला कोपरा नसतो, म्हणून चुलीवर जाळ सगळीकडून सारखा लागतो आणि मडकं टिकतं. हल्ली शहरातली माणसं मातीच्या भांड्यात आमटी करायची म्हणून हौसेनं भांडी नेतात आणि आठ दिवसांत बुडाच्या कडेनं तडकलं म्हणून सांगतात. त्यांना नुसतं चाकावर केलेलं, सपाट बुडाचं भांडं दिलेलं असतं. ते विस्तवासाठी नाही, हे विकणाऱ्यानं त्यांना सांगायला हवं होतं.

माती ओळखणं हेही हाताचंच काम. खानापूरची माती भांड्याला चांगली, हे सगळे मानतात. आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. आमची माती तळ्यातली आणि भाताच्या खालच्या शेतातली. मळण्या उरकल्यावर, पाऊस लागायच्या आत, वरचा थर बाजूला करून खालची चिकण काढायची. वाळवायची, फोडायची, खड्ड्यात भिजवायची, गाळायची, आणि बारीक वाळू नि भाताचं तूस घालून पायांनी तुडवायची. तूस भाजताना जळून जातं, मातीत बारीक वाटा राहतात, त्यांतून घागर पाझरते आणि पाणी गार होतं. किती वाळू, किती तूस, याचं माप आमच्या घरात कधीच नव्हतं, कारण एकाच तळ्याच्या दोन कडांची माती सारखी नसते. मामंजी चिमूटभर ओली माती अंगठा आणि तर्जनीत धरून डोळे मिटून चोळायचे. मग तिची वळी करून बोटाभोवती गुंडाळायचे. वळी चिरली तर चिकण कमी. न चिरता लिबलिबली तर वाळू घाला.

१९९४ साली आमच्या तळ्यातली माती मिळेना झाली. तेव्हा पूर्वेकडच्या काळ्या रानातून ट्रॅक्टरनं माती आणवली. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पन्नास मैलांत जमीन पार बदलते. आमच्याकडं पाऊस इतका की मातीतला चुना धुऊन जातो. बैलहोंगल-सौंदत्तीच्या अंगाला काळी जमीन, तिच्यात चुनखडीचे खडे. मामंजी त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. मी आणि ह्यांनी माती चाळली, खडे वेचले, वाळू जास्त घालून मळली. मळताना माझ्या बोटांना काहीतरी बारीक लागत होतं, हे मला आजही आठवतं. ओढ्याच्या वाळूचा कण गुळगुळीत लागतो. हा खरबरीत होता. मी बोलले नाही. लग्नसराई तोंडावर आली होती आणि ऐरणीची, म्हणजे लग्नात पुजायची, मडकी लोकांनी सांगून ठेवली होती.

आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, चांगला लागला. भांडी लाल, वाजवली तर खणखणीत. सगळी खपली. आठ-दहा दिवसांनी एकेक परत यायला लागली. अंगावरनं रुपयाएवढ्या खपल्या उडालेल्या, आणि प्रत्येक खपलीच्या मधोमध पांढरा कण. चुनखडी भाजली की तिचा कळीचा चुना होतो, तो ओल पिऊन फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. आव्यातनं काढताना त्याचा मागमूसही नसतो. एका घरी ऐरणीचं मडकं देव्हाऱ्यापुढं पुजलेलं असताना त्याची खपली उडाली. नवरीची आई मला एक शब्द बोलली नाही, नुसती ती खपली आणून माझ्या हातावर ठेवली. सगळ्यांचे पैसे आम्ही परत केले. रात्री आत्तींनी विचारलं, "मळताना हाताला लागलं न्हवतं?" मी म्हटलं, लागलं होतं. "मग हात सांगालाय ते सोडून कुणाचं ऐकलीस?" ती खपली एका डबीत घालून मी अजून ठेवली आहे.

संपादक महाशय, एवढं घरचं सांगण्याचं कारण असं. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण शिबिरासाठी नाव द्यायला मी गेले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, चाकावर बसता येतं का? मी म्हटलं, नाही, मी थापटते. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. तसा रकाना नव्हता. "मदतनीस म्हणून लिहू का?" असं त्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. पण मी सही न करता घरी आले. ज्या बाईनं डोळे न उघडता अर्ध्या बोटाचा फरक सांगितला, तिच्याकडून मी शिकलेले होते. तिच्यासाठी 'मदतनीस' हा शब्द माझ्या हातून लिहिला गेला नसता.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत, त्यात कुंभारकाम आहे. शिकायला बसलं की दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्या लोकांनी तिचा फायदा जरूर घ्यावा. पण नियम असा की एका कुटुंबातून एकाचंच नाव लागतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको नि लग्न न झालेली मुलं. न्हाव्याच्या किंवा शिंप्याच्या घरी ते ठीक असेल. आमच्याकडं एकच घागर दोन माणसांच्या हातून जाते. एकच नाव द्यायचं म्हटलं की ते चाकावर बसणाऱ्याचं जातं, यात कुणाचा वाईट हेतू नाही, पण थापटणारी आपोआप यादीबाहेर राहते. आणि यादीबाहेर राहिलेलं काम पुढच्या पिढीला शिकावंसं का वाटेल? ज्यांच्या घरात एक भांडं दोघांच्या हातचं असतं, त्या कुंभारांच्या घरातून दोन नावं घ्यावीत, अशी माझी विनंती आपण छापावी.

दुसरी विनंती शिबिरं घेणाऱ्यांना. चाकाला जितके दिवस देता तितकेच माती ओळखायला, थापटायला आणि आवा लावायला द्या. आवा लावणं म्हणजे नुसता जाळ घालणं नव्हे. शेण्या, लाकूड, वर पिंजर म्हणजे भाताचं गवत आणि पिंजरावर चिखलाचं लिंपण. पहिली रात्रभर धूर द्यायचा. मी दर थोड्या वेळानं लिंपणाच्या वाटेवर तळहात धरते. हात ओला होत असेल तर भांड्यांतलं पाणी अजून निघतंय, जाळ वाढवायचा नाही. हात कोरडा राहायला लागला की मगच लाकूड सारायचं. इथं घाई केली की आतल्या आत फुटल्याचे आवाज येतात आणि महिन्याचं काम खापरीला जातं. हे सगळं शिकवायला घरोघरची म्हातारी माणसं आहेत. त्यांना दिवसाची मजुरी देऊन बोलवा. त्यांच्याकडं शाळेचा दाखला मागू नका. परीक्षाच घ्यायची असेल तर पुढ्यात पाच मडकी ठेवा, त्यात एक कमी भाजलेलं मिसळा, आणि डोळे मिटून बसवा. थाप मारून ते सांगतील.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तेरला त्यांच्या घरी संत जमलेले, मुक्ताबाईनं थापटण्याकडं बघून हे काय म्हणून विचारलं, आणि गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर ते थापटून कोण कच्चं ते सांगितलं. नामदेव रागावले. कीर्तनात ही गोष्ट आली की बुवा नामदेवांच्या अहंकाराबद्दल बोलतात. माझं लक्ष दरवेळी थापटण्याकडं जातं. घरात चाकही होतंच की. पारख करायची वेळ आली तेव्हा गोरोबाकाकांनी हातात थापटणं घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात धारवाडकडची, चित्रकला शिकणारी एक मुलगी आमच्याकडं पंधरा दिवस राहिली. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड बाजारापुरतं. पण मडक्याला तीही मडकेच म्हणते, गाडग्याला गडिगे आणि आव्याला आविगे. बाकीचं हातांनी झालं. आत्तींनी मला बसवलं तसं मी तिला गुंडा धरायला बसवलं. पहिले चार दिवस ती मोबाईलवर माझ्या हातांचं शूटिंग करायची आणि रात्री बघत बसायची. पाचव्या दिवशी तिनं आपणहून मोबाईल पिशवीत टाकला, कारण भांड्याच्या आतला हात शूटिंगमध्ये येत नाही. जाताना तिचं एक गाडगं पुरं झालं, एका बाजूला जड, गळा जरा कलता. आव्यातनं निघालं तेव्हा आतून गुंड्याचे खळगे आणि बाहेर तिच्या करंगळीचा ठसा जसाच्या तसा भाजून राहिलेला. तो ठसा पुसू का म्हणून तिनं आधी विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं.

पूर्वी ज्येष्ठातल्या अमावास्येला, मातीचे बैल पुजतात त्या मण्णेत्तिन अमावस्येला, गावातली सगळी पोरं आमच्या दारात मातीचा गोळा मागायला यायची. मराठ्यांची, लिंगायतांची, सगळ्यांची. दारातच बसून बैल करायची. वशिंड चिमटीनं कसं काढायचं ते मोठी पोरं लहानांना दाखवायची. पाय जाड केले नाहीत तर बैल बसतो, हे कुणी सांगावं लागत नव्हतं, एकदा बसला की कळायचं. आता साच्यातले, रंग दिलेले बैल बाजारात तयार मिळतात. गेल्या वर्षी दारात चारच पोरं आली. ज्या शिक्षकांना शक्य आहे त्यांनी त्या दिवशी वर्गात खरी माती द्यावी. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला लागेल तेवढी मळलेली माती मी फुकट देईन, टेम्पो तेवढा त्यांनी पाठवावा.

आत्ती २००९ साली गेल्या. त्यांचा गुंडा माझ्याकडं आहे. अंगठा टेकतो तिथं त्याला खळगा पडला आहे, त्यांच्या सासूच्या वेळेपासूनचा. आधी माझा अंगठा त्यात नीट बसायचा नाही, आता बसतो. माझ्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या. सून बँकेत नोकरीला आहे, गुणी आहे, तिनं हे करावं असा माझा हट्ट नाही. पण मी एकोणसाठ वर्षांची झाले आणि सकाळी डाव्या मनगटाला सूज असते.

यंदाची माती वैशाखात काढून खड्ड्यात भिजत घातली आहे. दसऱ्यानंतर ऊन पडलं की काम सुरू होईल. कुणाला शिकायचं असेल, मराठी असो की कन्नड, बाई असो की पुरुष, त्यांनी आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा. पैसे नकोत, जेवणखाण आमच्यात. दोन महिने तरी राहायची तयारी ठेवावी. अंगठ्या घरी काढून ठेवाव्यात आणि येताना नखं कापून यावं.

कळावे,
आपली नम्र,
खानापूर तालुक्यातली एक कुंभारीण